टॅपिंगनं विसरभोळेपणा जातो का?

या वेळचं पत्र एका शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«ताई, मी ४८ वर्षांची, गणिताची शिक्षिका. गेलं वर्षभर माझ्या डोक्याची पार चाळण झाली आहे. सासरे अंथरुणाला खिळून आहेत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यांचं सगळं मीच बघते. चष्मा डोक्यावर आणि मी घरभर शोधतेय, हे तर रोजचंच. एकदा कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. तेही चालवून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात तपासणीला अधिकारी आल्याचं मधल्या सुट्टीत कळलं आणि सुट्टीनंतरच्या तासाला ते माझ्याच वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. फळ्यावर करणीचं, म्हणजे वर्गमुळांचं उदाहरण होतं, छेदात वर्गमूळ पाच अधिक वर्गमूळ तीन. कशानं गुणायचं ते हाताला ठाऊक होतं, पण त्याला म्हणतात काय, तो शब्दच येईना. घशाला कोरड पडली. बावीस वर्षं शिकवतेय हो! ‘यानं गुणा’ म्हणून वेळ मारून नेली. रात्री सासऱ्यांची चादर बदलताना शब्द आपसूक आठवला: अनुबद्ध जोडी, म्हणजे वर्गमूळ पाच वजा वर्गमूळ तीन. तिथंच बसून रडले. माझ्या आईला विस्मृतीचा आजार होता, शेवटी शेवटी तिनं मलाही ओळखलं नाही. त्यामुळे पोटात गोळा येतो. मैत्रिणीनं टॅपिंगचा एक व्हिडिओ पाठवलाय. चेहऱ्यावर ठरावीक ठिकाणी बोटांनी टकटक करायचं, अडलेली ऊर्जा मोकळी होते आणि २१ दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट, असं त्यात म्हटलंय. पुढचा वर्ग पैसे भरून आहे. करू का?

ता. क. वर्गात टॅपिंग करायची वेळ आली तर पोरं हसतील, त्याचं काय?»

बाई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. तुम्हाला वाटेल ती आईच्या वाक्याखाली असेल. नाही, चादरीच्या. रात्री चादर बदलताना जो शब्द न बोलावता आला, तो दुपारीही तुमच्या डोक्यातच होता. फक्त त्याला बाहेर येता येत नव्हतं. तुम्ही जिथं बसून रडलात, तिथं खरं तर जरा हुश्श करायला हरकत नव्हती.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे विसर एकाच पिशवीत कोंबलेले आहेत, ते आधी बाहेर काढू. फ्रिजमधल्या किल्ल्या तुम्ही विसरला नाहीत. त्या कुठं ठेवल्या याची नोंदच झालेली नव्हती. हातानं किल्ल्या ठेवल्या तेव्हा डोकं औषधाच्या वेळेत किंवा उद्याच्या पेपर तपासणीत होतं. जे वहीत लिहिलंच नाही, ते पान उलटून सापडणार कसं? अनुबद्ध जोडीचं तसं नाही. ती नोंद बावीस वर्षांची पक्की, शाईनं केलेली. ती काढताना घोटाळा झाला. पहिल्याला लक्ष ताळ्यावर आणणं हा उपाय, दुसऱ्याला धडधड कमी करणं. टॅपिंगचा काही उपयोग असलाच तर मुख्यतः या दुसऱ्या ठिकाणी.

त्या दुपारी काय झालं असावं ते सांगते. ताण आला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हे संप्रेरक मेंदूतही पोचतं आणि मेंदूत ज्या भागाला ते फार जाणवतं त्यात हिप्पोकॅम्पस येतो, म्हणजे नेमकी आठवणींची ने-आण करणारी जागा. ब्रूस मॅक्युअन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे दाखवलं. त्यानंतर तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, डोमिनिक द केर्व्हें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्यात बुडालेला एक चौथरा शोधायला शिकवलं. चांगलं शिकून झाल्यावर त्यांना विजेचा हलका झटका दिला आणि मग पुन्हा पाण्यात सोडलं. झटक्यानंतर दोन मिनिटांनी सोडलेल्या उंदरांना जागा आठवली. चार तासांनी सोडलेल्यांनाही आठवली. अर्ध्या तासानं सोडलेले मात्र गोंधळले. २००० साली त्यांनी माणसांवरही प्रयोग केला. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द, दुसऱ्या दिवशी आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची (शरीरात गेल्यावर त्याचं कॉर्टिसॉल होतं) गोळी घेतलेल्या लोकांना कमी आठवले.

आता तुमचं वेळापत्रक बघा. अधिकारी आल्याचं मधल्या सुट्टीत कळलं. तास त्यानंतरचा. शब्द आला रात्री, सगळं निवळल्यावर. तुमची आणि उंदराची बरोबरी करत नाहीये, राग मानू नका, पण घड्याळ मात्र अगदी जुळतंय.

आणि एक. घशाला कोरड पडली त्याच क्षणी तुमचं अर्धं लक्ष शब्दावरून उठून ‘आईसारखं सुरू झालं की काय’ या विचाराकडे गेलं असणार. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या, जेमतेम चार-पाच. त्यातल्या दोन जागा भीतीनं अडवल्यावर उदाहरणाला उरलं काय? विसरण्याची भीतीच माणसाला विसरायला लावते, हे चक्र मी इतक्या पत्रांतून पाहिलंय की आता पत्राच्या तिसऱ्या ओळीलाच ओळखू येतं.

तर टॅपिंग. ही काही प्राचीन विद्या नव्हे, व्हिडिओत पार्श्वसंगीत कितीही गंभीर असलं तरी. रॉजर कॅलाहन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. १९८० च्या सुमारास पाण्याची प्रचंड भीती असलेली एक बाई त्यांच्याकडे येत असे. भीती पोटात जाणवते असं ती म्हणाली. चिनी वैद्यकात पोटाची म्हणून जी वाहिनी मानतात ती डोळ्याखालून सुरू होते, म्हणून त्यांनी तिला डोळ्याखाली बोटांनी टकटक करायला सांगितलं आणि भीती गेली, अशी त्यांनीच सांगितलेली गोष्ट. पुढे त्यांनी प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा वेगळा क्रम बसवला. त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग मूळचे अभियंते. त्यांनी १९९० च्या दशकात ही भानगड सोपी केली: सगळ्या तक्रारींना एकच क्रम. तुमच्या मैत्रिणीच्या व्हिडिओतलं टॅपिंग ते हेच.

उपयोग होतो का? तुम्ही गणिताच्या, तेव्हा आकडे देते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८३ माणसांचे तीन गट केले होते. एकानं तासभर टॅपिंग केलं, दुसऱ्याशी धीर देणारं बोलणं झालं, तिसरा गट नुसता बसून राहिला. लाळेतलं कॉर्टिसॉल टॅपिंगवाल्यांचं सुमारे २४ टक्क्यांनी उतरलं, बाकी दोघांचं सुमारे १४ टक्क्यांनी. प्रयोग करणारे डॉसन चर्च स्वतः टॅपिंगचे प्रचारक आहेत, एवढं ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. मला त्यातला दुसरा आकडाच जास्त आवडतो. काहीही न करता तासभर बसलेल्यांचंही १४ टक्के! तुम्ही गेल्या वर्षात सलग एक तास काही न करता कधी बसलात, आठवतंय का? (न आठवल्यास तो विसरभोळेपणा समजू नये.)

दुसरा प्रयोग त्याआधीचा, २००३ मधला, आणि तो प्रचारकांना फारसा आवडत नाही. ११९ विद्यार्थी, सगळ्यांना कशाची ना कशाची भीती. एका गटानं ठरलेल्या बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्यानं हातावर भलत्याच ठिकाणी, तिसऱ्यानं चक्क एका बाहुलीवर. चौथा गट कागदाचं खेळणं बनवत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली आणि साधारण सारखीच झाली. चौथ्याची नाही.

म्हणजे बाहुलीला टकटक करूनही काम होत असेल, तर ‘अडलेली ऊर्जा मोकळी होते’ या वाक्यातला जीव जातो. पण टॅपिंग निरुपयोगीही ठरत नाही. भीतीकडे पाठ न फिरवता तिचं नाव घ्यायचं, त्याच वेळी हाताला एक संथ, एकसुरी काम द्यायचं आणि थोडा वेळ तिथंच थांबायचं, यानं धडधड उतरते. रडणाऱ्या पोराला थोपटताना आपण तरी कुठला बिंदू शोधतो? जिथं हात पडेल तिथं थोपटतो आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहतो. माझ्या मते टॅपिंग म्हणजे स्वतःला थोपटणं. यात कमीपणा काहीच नाही. फक्त स्वतःला थोपटायला शिकण्यासाठी पैसे भरू नयेत. ‘२१ दिवसांत दुप्पट’ हे तर तुमच्यासारख्या गणिताच्या बाईंनी ऐकताक्षणी विचारायला हवं होतं: दुप्पट म्हणजे किती, आणि मोजलं कशानं?

करायचं कसं ते लिहिते. खुर्चीत बसा. आधी वर्गातला तो क्षण डोळ्यांपुढे आणा, फळा, खडू, मागचा बाक, आणि आत्ता किती अस्वस्थ वाटतंय त्याला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्या. समजा सात. मग एका हाताच्या दोन बोटांनी दुसऱ्या तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर हलकी टकटक करत एक वाक्य तीनदा म्हणा. इंग्रजीतल्या मूळ वाक्याचा मराठी अवतार ‘जरी मला अमुक त्रास असला तरी मी स्वतःला पूर्णपणे आणि मनापासून स्वीकारते’ असा असतो. मला तो सरकारी शपथपत्रासारखा वाटतो. तुम्ही आपल्या बोलीत म्हणा: ‘तेव्हा शब्द आठवला नाही, जीव घाबरा झाला. होतं असं. तरी मी शिकवते बरं.’ तोंडात बसेल असंच वाक्य घ्या.

त्यानंतर भुवई जिथं नाकाजवळ सुरू होते ती जागा, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि वरचा ओठ यांच्या मधली जागा, खालच्या ओठाखालची खळी, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या जरा खाली, काखेखाली चार बोटांवर, आणि शेवटी डोक्याची टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा. जोर एवढाच, की शेजारच्या माणसाला आवाज येऊ नये. प्रत्येक ठिकाणी जे वाटतंय ते दोन शब्दांत म्हणायचं: ‘घशाची कोरड’, ‘मागचा बाक’, ‘आईची भीती’. श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडा. कोणी विचारलं तर मी सांगेन की निम्मं काम हा श्वासच करत असावा. एक फेरी झाली की पुन्हा आकडा द्या. सातवरून पाच, पाचवरून तीन असं उतरलं की थांबा. शून्यावर आणण्याचा अट्टाहास नको, परीक्षा नाहीये ही.

मी स्वतः हे दाताच्या दवाखान्यात बाहेर बसून करून पाहिलंय. आठवरून पाचवर आले. दात काढावा लागलाच.

मात्र एक जपा. टकटक करता करता वर्गाऐवजी आईचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले आणि हुंदका आवरेनासा झाला, तर तिथंच थांबा, तोंडावर पाणी मारा, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. आई आपल्याला ओळखेनाशी होणं हे दुःख मोठं आहे. ते कपाळ थोपटून एकटीनं निस्तरायचं काम नव्हे, समुपदेशकाजवळ बसून बोलायचं आहे.

आता व्हिडिओत नसलेलं, पण तुमच्या शब्दाच्या बाबतीत टॅपिंगपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटणारं सांगते. तुम्ही मुलांना काय सांगता? पुस्तक मिटा आणि न बघता लिहून काढा, हो ना? २०१६ मध्ये १२० जणांवर नेमका हाच प्रयोग झाला. काहींनी शब्द पुन्हा पुन्हा वाचून पाठ केले, काहींनी वाचून, मिटून, आठवून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना मुद्दाम ताणात टाकलं, लोकांपुढे भाषण आणि अवघड गणितं वगैरे. नुसतं वाचणाऱ्यांचं ताणाखाली कोसळलं. आठवून पाहिलेल्यांचं टिकलं. तुम्ही अनुबद्ध जोडी बावीस वर्षं शिकवताय, पण पुस्तक समोर नसताना तो शब्द स्वतःच्या डोक्यातून शेवटचा कधी ओढून काढलात? तासाला निघण्यापूर्वी पाठकोऱ्या कागदावर त्या दिवसाचे चार शब्द न बघता लिहा. दोन मिनिटांचं काम. आधी दोन-चार लांब श्वास किंवा टॅपिंगची एक फेरी, मग कागद. ही जोडी जमली तर मला कळवा.

आणि शब्द तरीही अडला तर लपवू नका. ‘शब्द जिभेवर आहे, येईल, तोवर आपण गुणून घेऊ’ असं मोठ्यानं म्हणा आणि पुढे चला. जीव खाऊन शोधत राहिलं की तो अधिक दडून बसतो. मुलांचं म्हणाल तर बाईंचाही शब्द अडतो हे कळून त्यांना बरंच वाटेल.

झोपेबद्दल लिहिताना मात्र मला जरा राग येतोय. तुमच्यावर नाही. दिवसभर जे शिकलो, पाहिलं, ऐकलं, ते मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. रात्रीत तीनदा उठलेल्या माणसाचं हे काम अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी लक्षही ठिकाणावर राहत नाही. फ्रिजमधल्या किल्ल्या तिथून येतात. अख्ख्या पत्रात ‘सगळं मीच बघते’ हे वाक्य तुम्ही हवामान सांगावं तितक्या सहज लिहिलंय. सासरे आहेत म्हणजे त्यांचा मुलगाही घरात असणार. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांनी उठायचं, बाकीच्या तुम्ही, आणि तुमच्या सुट्टीच्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दार लावणं महत्त्वाचं, नाहीतर कान तिकडेच राहतात. हे मागणं टाळून टॅपिंग करणार असाल तर करू नका, कारण मग ती टकटक तुम्हाला शांत करून त्याच घाण्याला पुन्हा जुंपण्यापुरती राहील. जमत असेल तर हे पत्र त्यांना वाचायला द्या.

आता आईची भीती. एका पालकाला हा आजार असला तर धोका थोडा वाढतो, पण त्यानं काही ठरून जात नाही. तुम्ही काय, कुठं, कोणासमोर विसरलात, त्यानंतर शब्द कधी आला, हे सगळं तपशीलवार लिहिलंत. विस्मृतीच्या आजारात पुष्कळदा उलटं दिसतं, काळजी घरच्यांना असते आणि त्या माणसाला आपण विसरतोय याचाच पत्ता नसतो. तरी डॉक्टरांकडे जाच. तुमच्या वयात थायरॉईड, ब १२ जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, पाळीचं चक्र बदलत असेल तर तेही सांगावं. त्या काळात ‘डोक्यात धुकं बसलंय’ अशी तक्रार कितीतरी बायका करतात. नैराश्यातही स्मरणशक्ती अशीच दगा देते. सर्दी-ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत न्या, त्यांतल्या काहींनी विसर वाढतो. कुठलीही गोळी टॅपिंगच्या भरवशावर मनानं बंद करू नका.

नेहमीच्या रस्त्यावर चुकायला झालं, एकच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारताय असं घरचे म्हणाले, किंवा येणारं गणित हातालाही येईना, तर वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, तर त्याच मिनिटाला रुग्णालय. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. वर्गात तर हाताला सगळं येत होतं, फक्त नाव सुचत नव्हतं.

राहिलं ता. क. पोरं हसतील, नक्की हसतील, आणि बाई भुवई बडवतात म्हणून वर्षभर नकलाही करतील. वर्गात चेहऱ्याच्या वाटेला जाऊ नका. टेबलामागे उभं राहून तळहाताची कड दुसऱ्या हातानं टकटकवली तर कोणाला दिसत नाही. नाहीतर फळ्याकडे तोंड करून शांतपणे आधीची ओळ पुसा आणि तीच पुन्हा लिहा. पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन लांब श्वास सोडून होतात.